सत्य, प्रीती आणि ऐकणाऱ्याचा विवेक

ख्रिस्ती नीतिविचाराने माणसाच्या वाणीवर दोन जबाबदाऱ्या टाकलेल्या आहेत आणि त्या एकाच वेळी पार पाडणे किती अवघड आहे याची जाणीव नव्या करारातील पत्रे लिहिणाऱ्यांनाही होती. पहिली जबाबदारी सत्याची आहे. मोशेला मिळालेल्या दहा आज्ञांपैकी शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यास मनाई करणारी आज्ञा मुळात न्यायनिवाड्याच्या वेळच्या साक्षीसंबंधी होती. येशूने डोंगरावरील प्रवचनात, म्हणजे मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पाचव्या ते सातव्या अध्यायांत आलेल्या शिकवणुकीत, सत्याची ही अपेक्षा रोजच्या बोलण्यापर्यंत आणली आणि शपथेवाचूनही माणसाच्या होकार-नकारावर विश्वास टाकता यावा असे सांगितले. दुसरी जबाबदारी प्रीतीची आहे. इफिस येथील मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात सत्य आणि प्रीती यांची सांगड घातलेली आहे आणि ख्रिस्ती माणसाने सत्य धरून ठेवावे ते प्रीतीतच, असा त्या उपदेशाचा रोख आहे.

ही सांगड घालण्याची रूढ रीत अशी की आशय सत्याकडे सोपवायचा आणि सूर प्रीतीकडे. जे सांगायचे ते सांगायचेच, फक्त आवाज मऊ ठेवायचा. ही रीत अपुरी आहे असे येथे मांडायचे आहे. मऊ आवाजात माणसाला फसवता येते, त्याच्यावर दडपण आणता येते आणि त्याचा अपमानही करता येतो. बोलणाऱ्याची प्रीती त्याच्या स्वरावरून ओळखण्यापेक्षा दुसऱ्या दोन गोष्टींवरून ओळखणे अधिक खात्रीचे आहे. आपण हे कशासाठी बोलत आहोत हे त्याने उघड ठेवले आहे काय, ही पहिली गोष्ट. आणि ऐकणाऱ्याला त्यावर विचार करून हो किंवा नाही म्हणण्याची मोकळीक त्याने मनापासून दिली आहे काय, ही दुसरी.

मराठी ख्रिस्ती माणसाला हा प्रश्न केवळ बायबलातून भेटत नाही, कारण त्याच्या भाषेतच त्याविषयीचा जुना विचार मुरलेला आहे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात सत्य आणि प्रिय दोन्ही बोलावे, अप्रिय सत्य टाळावे आणि प्रिय असत्यही टाळावे, असा नियम येतो. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात वाङ्मय तपाची, म्हणजे वाणीने आचरायच्या तपाची, लक्षणे सांगताना ते बोलणे उद्वेग न आणणारे, सत्य, प्रिय आणि हितकर असावे असे म्हटले आहे. या दोहोंत गीतेचा विचार अधिक खोल जातो, कारण तो हिताचा निकष आणतो आणि त्यामुळे अप्रिय वाटणाऱ्या सत्यालाही वाट मोकळी होते. तरीही हित कशात आहे हे ठरवायचे कोणी, हा प्रश्न उरतोच, आणि धर्मोपदेशकाच्या हातून चूक होते ती बहुधा येथेच, कारण ऐकणाऱ्याचे हित आपल्याला त्याच्यापेक्षा अधिक कळते अशी त्याची प्रामाणिक समजूत असते.

पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेतही या मुद्द्यावर एकमत नव्हते. ऑगस्टीनने सुमारे ३९५ साली आणि पुन्हा ४२० च्या सुमारास असत्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहून, कोणाचा जीव वाचवण्यासाठीही खोटे बोलू नये, अशी कठोर भूमिका घेतली. त्याचा समकालीन योहान क्रिसोस्तोम मात्र वैद्य जसा रोग्याच्या भल्यासाठी युक्ती योजतो तशी युक्ती पाळकालाही कधी योजावी लागते, असे मानत होता. हा वाद शतकानुशतके चालला, पण त्याचा सगळा भर खोटे बोलावे की नाही यावर राहिला, आणि खरे बोलून झाल्यावर बोलणाऱ्याने काय करावे याकडे त्या मानाने दुर्लक्ष झाले.

त्या दृष्टीने मार्ककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील प्रसंग फार मोलाचा आहे. एक श्रीमंत मनुष्य धावत येऊन येशूपुढे गुडघे टेकतो आणि सार्वकालिक जीवनाचा मार्ग विचारतो. आज्ञा आपण लहानपणापासून पाळत आलो आहोत असेही तो सांगतो. हाच प्रसंग मत्तय आणि लूक यांनीही दिला आहे, पण येशूने त्याच्याकडे पाहिले आणि त्याला त्याच्यावर प्रीती वाटली, हा तपशील एकट्या मार्कने नोंदवला आहे. त्या प्रीतीतून लगेच निघते ते अत्यंत जड जाणारे सत्य: असेल नसेल ते विकून गरिबांना दे आणि मग ये. मनुष्य खिन्न होऊन निघून जातो. येशू त्याच्यामागे जात नाही, अट सैल करत नाही, त्याला भीतीही घालत नाही. सत्य पूर्ण सांगितले जाते, त्यामागची प्रीती पूर्ण असते आणि निर्णय त्या माणसाचा राहतो. पौलानेही करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या चौथ्या अध्यायात आपल्या प्रचाराची रीत याच धर्तीवर सांगितली आहे: छपवाछपवी आणि कपट यांचा त्याग करायचा, सत्य उघड मांडायचे आणि प्रत्येकाच्या सदसद्विवेकाला, म्हणजे भले-बुरे पारखणाऱ्या त्याच्या आतल्या शक्तीला, आवाहन करायचे.

महाराष्ट्राच्या ख्रिस्ती इतिहासात या रीतीचे सर्वांत बोलके उदाहरण एका रेल्वेच्या डब्यात घडले, आणि तो रेल्वेमार्ग आजच्या गोंदिया जिल्ह्यातून जातो. कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) नागपुरात अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम करत होते. पुढे नोकरीच्या निमित्ताने ते राजनांदगाव संस्थानाकडे निघाले. नागपूरहून राजनांदगावला जाणारी गाडी तिरोडा, गोंदिया, आमगाव, सालेकसा ही स्थानके मागे टाकत दरेकशाच्या घाटातून डोंगरगडकडे उतरते. त्या प्रवासात टिळकांची एका युरोपीय सहप्रवाशाशी गाठ पडली. साहेबांच्या डब्यात हिंदी माणसाच्या वाट्याला हिडीसफिडीस येण्याचा तो काळ, पण हा गृहस्थ सौजन्याने वागला आणि बोलणे काव्याकडे वळले. पुढे त्याने टिळकांचे धर्मविषयक मत विचारले, आपला स्वतःचा विश्वास सांगितला, नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हाती ठेवली आणि अभ्यास केलात तर दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीतही केले. टिळकांना त्या वेळी ते बोलणे धाडसाचे वाटले, परंतु वाचण्याचे वचन त्यांनी दिले आणि ते पाळले. डोंगरावरील प्रवचनापाशी येईपर्यंत त्या पुस्तकाने त्यांना पूर्ण धरून ठेवले होते. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

या प्रसंगात विचार करण्याजोगी गोष्ट त्या भाकिताच्या खरे ठरण्यात शोधू नये. सहप्रवाशाने आपला हेतू लपवला नाही, हे महत्त्वाचे आहे. काव्याविषयीचा त्याचा जिव्हाळा गळाला लावलेले आमिष नव्हते, आणि टिळकांनी ख्रिस्ती व्हावे ही आपली इच्छा त्याने तोंडावर सांगून टाकली, म्हणजे ती नाकारण्याचा मार्गही त्यांना खुला ठेवला. त्यानंतर त्याने त्यांचा पाठपुरावा केला नाही. तो कोण होता हेही टिळकांना त्या वेळी कळले नाही. ज्याला फळ आपल्या नावावर जमा करायचे असते तो इतक्या सहजपणे गाडीतून उतरून जात नाही.

याच्या उलट रीतही महाराष्ट्राने पाहिली आहे. १८३० च्या सुमारास मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांनी शास्त्री-पंडितांशी जाहीर वाद घातले, त्यातून मोरभट दांडेकरांसारख्यांचे प्रत्युत्तरही छापून आले. १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात समुद्रकिनाऱ्यावर गर्दीपुढे वादविवाद झाले. त्या वादांनी मराठी गद्याला धार आली, हे मान्य केले पाहिजे. दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या समजुतीने खरेच बोलत होते, परंतु जमलेल्या गर्दीपुढे हरायला कोणीच तयार नसतो आणि अशा बोलण्यात समोरच्याच्या विवेकापेक्षा प्रेक्षकांच्या टाळीला आवाहन केले जाते, त्यामुळे त्या वादांतून समजूत वाढली असे म्हणता येत नाही.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे आणि म्हणूनच त्यापाशी थांबणे आवश्यक आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि त्यानंतर लवकरच ज्या भगिनी-संघाने त्यांना आश्रय दिला होता त्यातील सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा पत्रांतून दीर्घ मतभेद सुरू झाला. त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तीन असूनही देव एकच आहे या सिद्धांताचा, अर्थ आणि चर्चच्या अधिकाऱ्यांपुढे व्यक्तीने आपला विवेक किती नमवावा हा प्रश्न, हे त्या मतभेदाचे मुख्य विषय होते. ज्यांचे अन्न आपण खातो त्यांना, परक्या देशात, एका मुलीची आई असलेल्या विधवेने नाही म्हणणे सोपे नव्हते. रमाबाईंनी ते म्हटले, आणि तरीही पत्रांत त्या सिस्टर जेराल्डीन यांना ‘आजीबाई’ या नात्याच्या हाकेनेच संबोधत राहिल्या. मतभेद तसूभरही झाकला नाही आणि नातेही तोडले नाही. ख्रिस्ती वाणीची याहून चांगली कसोटी क्वचितच सापडेल.

त्याच रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत सुरू केलेले आणि पुढे पुण्यास नेलेले शारदा सदन १८९३ मध्ये मोठ्या वादात सापडले. मुलींवर धर्माची सक्ती होणार नाही असे आश्वासन होते, परंतु रमाबाईंच्या खाजगी प्रार्थनेला काही मुली येऊन बसत, आणि त्यांना अडवण्यास रमाबाई तयार नव्हत्या. रानडे, भांडारकर यांसारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळ सोडले. रमाबाईंनी सक्ती केली असे मानण्यास आधार नाही आणि प्रार्थनेचे दार बंद करून बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते. पण ज्या पालकांनी विश्वासाने मुली ठेवल्या त्यांना, या घरात प्रार्थना उघड्या दाराने होईल आणि येणारीला अडवले जाणार नाही, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट शब्दांत कळायला हवे होते. सक्ती न करणे ही दया झाली. आपल्या घराची रीत आधी सांगणे हा सत्याचा भाग होता, आणि तो अपुरा राहिला.

लक्ष्मीबाई टिळकांकडे वळल्यावर हा सगळा प्रश्न घराच्या उंबऱ्याच्या आत येतो. पतीच्या बाप्तिस्म्याचा आघात त्यांनी नातलगांत असताना सोसला आणि काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या त्यांच्याकडे राहायला गेल्या त्या आपले सोवळे-ओवळे घेऊनच. टिळकांनी ते चालू दिले. आपण जे सत्य मानतो ते बायकोनेही मानावे अशी त्यांची तळमळ होती आणि ती त्यांनी कधी लपवली नाही, तरी स्वयंपाकघरातील तिच्या नियमांना त्यांनी हात लावला नाही. जातीचा आणि शिवाशिवीचा विचार लक्ष्मीबाईंनी पुढे स्वतःच्या बुद्धीने केला, स्वतःच तो सोडला, आणि १९०० साली त्या ख्रिस्ती झाल्या. तापट म्हणून प्रसिद्ध असलेल्या माणसाने दाखवलेला हा धीर विशेष लक्षात घेण्यासारखा आहे.

त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथेचा पहिला भाग १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि सत्य व माया यांची जी सांगड उपदेशकांना साधत नाही ती शाळेचे तोंड जेमतेम पाहिलेल्या या बाईला कशी साधली हे त्यात दिसते. वडिलांचे सोवळ्याचे वेड त्यांनी लिहिले आहे: घरात येणारी प्रत्येक वस्तू धुतली जाई, मीठ-साखरसुद्धा त्यातून सुटत नसे. अशा घरातल्या मुलीला त्याचा जाच झाला असणार, तरी लेखनात कडवटपणा नाही, कारण त्या वेडामागे असलेला मनाचा धक्काही त्या वाचकाला दाखवतात. नवऱ्याचा राग, त्याचा उधळेपणा, घर वाऱ्यावर सोडून निघून जाण्याची त्याची सवय, यांपैकी काहीही त्यांनी झाकले नाही. मोठ्या माणसाच्या पत्नीने लिहिलेल्या चरित्रात हे सहसा येत नाही. आले तर तक्रार म्हणून येते. लक्ष्मीबाईंचा वाचक पुस्तक मिटतो तेव्हा टिळकांचे दोष त्याला पाठ असतात आणि टिळकांविषयी त्याचे प्रेम वाढलेले असते. दोष सांगणारीने त्या माणसाविषयी निकाल देण्याचे काम वाचकावर सोडले, हे त्याचे कारण आहे.

आजच्या गोंदिया जिल्ह्यात हा प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहतो. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या धानाच्या आणि जंगलाच्या प्रदेशात हिंदू, बौद्ध आणि आदिवासी समाजांच्या मानाने ख्रिस्ती लोक फारच थोडे आहेत, त्यामुळे येथील ख्रिस्ती माणसाचे बोलणे बहुतेक वेळा आपल्या धर्माबाहेरच्या शेजाऱ्याशीच होते आणि त्या बोलण्याकडे संशयानेही पाहिले जाते. त्या संशयावर उपाय म्हणून गप्प बसणे किंवा गोलमोल बोलणे हे दोन्ही मार्ग चुकीचे आहेत, आणि ते चुकीचे का आहेत हे आजाऱ्याच्या अंथरुणापाशी सर्वांत स्पष्ट दिसते.

पूर्व विदर्भात सिकलसेल हा आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. हा रक्ताचा आनुवंशिक विकार आहे, त्यात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि मग सांधे, पाठ, छाती यांत असह्य वेदना उठतात. ज्याला आई आणि बाप दोघांकडूनही दोषी जनुक मिळते तो रुग्ण, त्याला गावात ‘एसएस’ म्हणतात. ज्याला एकाकडूनच मिळते तो वाहक, म्हणजे ‘एएस’, आणि तो बहुधा धडधाकट असतो. अशा घरी मूल वेदनेने तळमळत असताना प्रार्थनेला बोलावलेल्या माणसाकडे आईवडील एकच प्रश्न डोळ्यांनी विचारत असतात. तेव्हा मूल बरे होईल, औषधाची गरज उरणार नाही, असे सांगणे फार सोपे असते आणि ते दयेचेही वाटते. परंतु देवाच्या नावाने दिलेले असे वचन ही खोटी साक्ष आहे, आणि हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या किंवा भरपूर पाणी पिण्याची सवय त्या वचनावर विसंबून सुटली तर त्याची किंमत मुलाला मोजावी लागते. मुलाच्या दुखण्याचे कारण आईवडिलांच्या पापात शोधणे याच्याही पलीकडचे क्रौर्य आहे. ईयोबाच्या पुस्तकातील मित्रांनी तेच केले: पहिले सात दिवस ते त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले, तोवर त्यांचे वागणे योग्य होते, तोंड उघडून त्यांनी दुःखाची कारणे सांगायला सुरुवात केली, आणि शेवटी देवाने त्यांनाच दोषी ठरवले. प्रार्थना मनापासून करावी, ती ख्रिस्ताच्या नावाने करतो हे घरच्यांना आधी सांगावे, डॉक्टरांचे औषध बंद करू नका हेही त्याच आवाजात सांगावे, आणि प्रार्थनेच्या मोबदल्यात घरच्यांकडून कसलेही वचन घेऊ नये.

याहून कठीण प्रसंग लग्न जुळवताना येतो. नवरा-नवरी दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के आणि वाहक असण्याची ५० टक्के असते. मुलीच्या घरचे लोक मंडळीतील एखाद्या वडीलजनाला विश्वासाने सांगतात की मुलगी ‘एएस’ आहे, आणि हे बाहेर कळले तर स्थळ मोडेल, म्हणून बोलू नका, अशी विनंती करतात. येथे सत्य आणि दया समोरासमोर उभी ठाकल्यासारखी वाटतात. ऑगस्टीनचा नियम घेतला तरी तो केवळ खोटे बोलण्यास मनाई करतो. दुसऱ्याचे गुपित चव्हाट्यावर आणण्याची आज्ञा तो देत नाही. वडीलजनाने ते गुपित मुलाकडच्यांना जाऊन सांगणे हा विश्वासघात ठरेल आणि काही हरकत नाही म्हणून गप्प राहणे हा पुढे जन्मणाऱ्या मुलावर अन्याय ठरेल. त्याला खुला असलेला मार्ग तिसरा आहे, आणि तो मुलीशी व तिच्या आईवडिलांशी सरळ बोलण्याचा आहे: हे सांगायला हवे, ते तुम्हीच सांगायला हवे, सांगताना मी तुमच्या शेजारी बसेन, आणि मला कोणी विचारले तर मी खोटे बोलणार नाही. वाहक असणे हा दोष नाही, मुलाचीही तपासणी होऊ द्या, त्याच्यात हे दोषी जनुक मुळीच नसेल तर या लग्नात मूल रुग्ण होण्याचे भय नाही, हेही त्याने समजावून द्यावे, कारण अर्धवट माहितीने माणूस सत्यालाही घाबरतो. येशूने मत्तयकृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात भावाच्या चुकीविषयी आधी त्याच्याशी एकांतात बोलण्याचा जो क्रम घालून दिला आहे, त्याचे मर्म येथेही लागू पडते, आणि मंडळीत कुजबुज म्हणून जे सत्य फिरते त्याला हा क्रम मुळीच मान्य नाही.

एकांताचा हा नियम सर्वत्र लागू होतो असे मात्र नाही. अंत्युखियात पेत्राने यहूदीतर विश्वासूंच्या पंगतीतून अंग काढून घेतले तेव्हा पौलाने त्याला सर्वांसमक्ष जाब विचारला, असे गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात आले आहे. अपमान उघड झाला होता आणि अपमानित झालेले दुबळे होते, म्हणून शब्दही उघड लागला. पंगतीत आणि विहिरीवर माणूस वेगळा काढण्याचा इतिहास असलेल्या प्रदेशातील मंडळ्यांना हा दाखला समजावून सांगावा लागू नये. मंडळीतील लग्न ठरवताना जात विचारली जात असेल तर त्याविरुद्धचा शब्द व्यासपीठावरूनच यायला हवा, कोपऱ्यात नव्हे.

सिकलसेलविषयी बोलण्याची संधी मंडळ्यांकडे दर लग्नाच्या वेळी आयती चालून येते. लग्नाची नोटीस मंडळीत वाचण्याआधी पाळक वधूवरांना बोलावून विवाहाची पूर्वतयारी करून घेतात. १ जुलै २०२३ रोजी देशात सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आहे आणि रक्ताची ही तपासणी सरकारी रुग्णालयांत होते. गोंदिया, भंडारा आणि गडचिरोलीतील पाळकांनी नोटीस वाचण्यापूर्वी दोघांनाही तपासणीला पाठवावे, निकाल त्या दोघांनी एकमेकांना स्वतः सांगावा असा आग्रह धरावा, आणि त्यानंतर लग्न करायचे की नाही हा निर्णय पूर्णपणे त्या दोघांवर सोडावा.